वेगवान गोलंदाज व्हायचंय? टेनिस बॉलपासून रणजीपर्यंतचा रस्ता

पंधराव्या वर्षी नेटमध्ये सगळ्यांत जोरात टाकणारा मुलगा विसाव्या वर्षी मैदानावर दिसेलच असं नाही. त्याचं कौशल्य कमी पडलेलं नसतं, बऱ्याचदा पाठ गेलेली असते. फलंदाजाला चुकीची सवय मोडायला वेळ मिळतो, वेगवान गोलंदाजाचं शरीर मात्र तेवढी सवलत देत नाही. त्यामुळे वेग कसा वाढवायचा यापेक्षा मला दुसरे दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. चौदा ते बावीस या वयात शरीर किती आणि कसं वापरायचं, आणि त्याच काळात निवड करणाऱ्यांच्या नजरेसमोर कसं यायचं? करिअर या दोन गोष्टींवर ठरतं. हा लेख खेळाडूंइतकाच त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे.

गाव, उंची आणि उशीर

'आमच्याकडे सोय नाही', 'उंची कमी आहे', 'आता उशीर झाला' ही तीन वाक्यं सारखी कानावर येतात. मुंबईचे रमाकांत देसाई जेमतेम पाच फूट चार इंचांचे होते. १९५८-५९ च्या पहिल्याच रणजी हंगामात त्यांनी ५० बळी घेतले आणि पुढे २८ कसोटींत ७४. झहीर खान श्रीरामपूरचा. मुंबईत येऊन सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये खेळला, तिथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये, म्हणजे वेगवान गोलंदाजांच्या अकादमीत गेला, आणि ९२ कसोटींत ३११ बळी घेऊन थांबला.

उमेश यादवचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. नागपूरजवळच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्याचा हा मुलगा. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षापर्यंत तो टेनिस बॉलवरच खेळत होता. नोव्हेंबर २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी आणि बरोबर तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, कसोटी. कसोटी खेळलेला तो विदर्भाचा पहिला खेळाडू. एकूण ५७ कसोटी, १७० बळी. माझ्या मते उशिरा सुरुवात झाल्याचा त्याला फायदाच झाला असावा. ज्या वयात मुलांच्या पाठीवर सीझन बॉलच्या, म्हणजे चामड्याच्या कडक चेंडूच्या ओव्हर्सचा डोंगर चढतो, त्या वयात त्याची पाठ वाचली.

टेनिस बॉल सोडून सीझन बॉल हातात घेताना

महाराष्ट्रातली बहुतेक मुलं टेनिसवरच शिकतात आणि त्यात वाईट काही नाही. यॉर्कर, स्लोअर वन आणि शेवटच्या ओव्हरचं दडपण त्या स्पर्धांत चांगलं शिकायला मिळतं. पण शिवण वापरायची सवय लागत नाही. शिवाय चेंडू हलका असल्यामुळे हात ओढून, खांद्यातून फेकल्यासारखं टाकायची खोड लागते. वजनदार चेंडूवर तीच खोड खांदा आणि कंबर दोन्ही खाते.

पहिले दोन-तीन आठवडे रनअप विसरा. दोन पावलं चालत या आणि टाका. शिवण सरळ उभी, दोन बोटं तिच्या दोन्ही बाजूंना, अंगठा खाली शिवणीवर. तळहात आणि चेंडू यांच्यात थोडी पोकळी हवी, चेंडू मुठीत दाबायचा नाही. अर्धा लाल, अर्धा पांढरा सरावाचा चेंडू मिळाला तर उत्तम, कारण हवेत शिवण डळमळली की लगेच दिसतं. शिवण दहातल्या सात वेळा सरळ जायला लागली की मगच धावायला सुरुवात करा. मुलगा तेरा वर्षांच्या आतला असेल तर त्याला मोठ्यांचा चेंडू देऊ नका. त्या वयासाठीचा चेंडू १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा. लहान हातात मोठा चेंडू आला की पकड बिघडते, आणि पकडीपाठोपाठ ॲक्शनही.

रनअप पावलं मोजून ठरवू नका. क्रीजवरून उलट दिशेने, मोकळ्या मैदानाकडे धावत जा आणि जिथे उडी आपोआप येईल तिथे चेंडू सोडा. असं सात-आठदा केलं की पाय साधारण एकाच जागी पडायला लागतात. तीच खूण, तेवढंच अंतर. उंची वाढते तशी ही खूण दर काही महिन्यांनी बदलावी लागते. नो बॉलची तक्रार पुष्कळदा इथेच सुटते.

ॲक्शन: काय बदलायचं, काय सोडून द्यायचं

ॲक्शन देखणी असलीच पाहिजे असं नाही. ती सुरक्षित हवी आणि दर चेंडूला तशीच जमली पाहिजे. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये एकदा पाठीमागून आणि एकदा बाजूने चित्रण करा. मागचा पाय टेकतो त्या क्षणाला चित्र थांबवा आणि तीनच गोष्टी बघा: पायाचं तोंड, कमरेची रेषा, खांद्यांची रेषा. तिन्ही बाजूला वळलेली असतील तर ॲक्शन साइड-ऑन, तिन्ही फलंदाजाकडे असतील तर फ्रंट-ऑन, तिन्ही मधल्या कोनात असतील तर सेमी-ओपन. या तिन्ही चालतात.

कंबर समोर आणि खांदे बाजूला असतील तर मात्र धोका आहे. याला मिक्स्ड ॲक्शन म्हणतात. चेंडू सुटेपर्यंत खांदे आधी मागे फिरतात, मग झटक्याने पुढे येतात, आणि मधल्या मणक्यांना पीळ बसतो. नेमक्या त्याच वेळी पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहून जास्त भार आलेला असतो. ही ॲक्शन चौदाव्या-पंधराव्या वर्षी जाणकार प्रशिक्षकाकडून दुरुस्त करून घ्यावी, तीही हंगाम संपल्यावर. एकोणिसाव्या वर्षी निवड चाचणीच्या महिनाभर आधी ॲक्शन बदलायला लावणाऱ्याचं ऐकू नका.

मनगटाची ठेवण, उडीची लकब, डोक्याचा किंचित कल यांना हात लावायची गरज नसते. जसप्रीत बुमराची ॲक्शन कुणी लहानपणी 'सरळ' केली असती तर भारताचं केवढं नुकसान झालं असतं!

चेंडूंची वही

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. शंभर पानी वही घ्या आणि रोज किती चेंडू टाकले ते लिहा. सामन्यातले, नेटमधले, गल्लीतले, रात्रीच्या टेनिस स्पर्धेतले, सगळे.

हे इतकं महत्त्वाचं का? कारण आपल्याकडचा होतकरू मुलगा एकाच वेळी शाळेकडून, क्लबकडून, अकादमीत आणि जिल्ह्याकडून खेळतो. प्रत्येक प्रशिक्षक आपापल्या ओव्हर्स मोजतो, बेरीज कुणीच करत नाही. मुलगा चांगला टाकतोय म्हणून प्रत्येक जण त्याच्याच हातात चेंडू देतो. शाळेच्या सामन्यात सकाळी पंधरा ओव्हर्स आणि संध्याकाळी अकादमीच्या नेटमध्ये तासभर, हे मी खूपदा पाहिलंय, आणि बघताना दरवेळी जीव वरखाली होतो.

इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने वर्षानुवर्षं वापरलेल्या मर्यादा घरातल्या भिंतीवर लावण्यासारख्या आहेत. तेरा वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये, म्हणजे एका टोकाकडून न थांबता टाकताना, जास्तीत जास्त ५ ओव्हर्स, दिवसात १०. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ६ आणि १२. सोळा ते एकोणीस या वयात ७ आणि १८. एक स्पेल संपला की त्याच टोकाकडून तेवढ्याच ओव्हर्स होईपर्यंत पुन्हा चेंडू हातात घ्यायचा नाही. आपल्या शालेय सामन्यांत हे कुणी सक्तीने पाळायला लावणार नाही. म्हणून पालकांनी प्रशिक्षकाशी आधीच, हंगाम सुरू व्हायच्या अगोदर बोलावं. सामन्याच्या मधोमध सीमारेषेवरून ओरडून उपयोग नसतो.

दिवसाच्या मर्यादेइतकंच अचानक वाढीकडे लक्ष हवं. गेल्या चार आठवड्यांची सरासरी काढा. आठवड्याला सरासरी १२० चेंडू पडत असतील तर पुढच्या आठवड्यात १४०-१५० ठीक, २५० नाही. असा झटका शरीर त्या दिवशी सहन करतं, दुखापत बहुधा तीन-चार आठवड्यांनी डोकं वर काढते. तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही. आपल्याकडे हा झटका ठरलेल्या वेळी बसतो, तो एप्रिलमध्ये. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षेमुळे चेंडूला हात लागलेला नसतो आणि सुट्टी लागताच दोन वेळचं शिबिर सुरू होतं. परीक्षेच्या दिवसांतही आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं टाकत राहिलं तर हे टळतं.

दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करा. उंची झपाट्याने वाढत असेल तर त्या काळात चेंडू कमी करा, मग संघात जागा जायची वेळ आली तरी चालेल. आणि वर्षातून सलग सहा ते आठ आठवडे गोलंदाजी पूर्ण बंद ठेवा. त्या दिवसांत पोहा, धावा, फुटबॉल खेळा.

पाठ दुखायला लागली तर

उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या कमरेत डाव्या बाजूला (डावखुऱ्याच्या उजव्या) दुखत असेल, एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर कळ येत असेल, आणि ते दुखणं गोलंदाजी केल्यावर वाढत असेल, तर ते 'स्नायू आखडलेत' म्हणून सोडून देऊ नका. मणक्याच्या मागच्या बाजूच्या हाडाला पडणाऱ्या बारीक चिरेची, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरची ती खूण असू शकते. कमरेच्या खालच्या मणक्यांत ती जास्त दिसते, आणि तरुण वेगवान गोलंदाजांत हमखास, कारण तिथलं हाड विशी ओलांडेपर्यंत पूर्ण पक्कं झालेलं नसतं.

त्याच दिवशी गोलंदाजी थांबवा. मलम, मालिश, वेदनाशामक गोळी घेऊन पुढचा सामना खेळायचा नाही. क्रीडा दुखापतींची माहिती असलेल्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीची चीर अनेकदा दिसत नाही, एमआरआय लागतो. वेळेत सापडली तर साधारण चार ते सहा महिन्यांत परत येता येतं. परतल्यावर आधी जागेवरून, मग अर्ध्या रनअपने, मग पूर्ण, आणि प्रत्येक पायरीवर चेंडू मोजून. लवकर सापडलेली चीर बहुधा पूर्ण भरून येते. दुर्लक्ष केलं तर हाड न जुळण्याचा आणि दुखणं कायमचं मागे लागण्याचा धोका असतो.

डेनिस लिलीला १९७३ मध्ये पाठीची हीच दुखापत झाली होती. पद्धतशीर व्यायाम करून तो परतला आणि नंतर अनेक वर्षं चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये भारतातल्या मुलांना शिकवत राहिला. बुमराच्या पाठीवर मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ च्या टी-२० विश्वचषकात तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोघांनीही परतण्याची घाई केली नाही.

व्यायामाचं थोडक्यात सांगतो. सोळापर्यंत स्वतःच्या शरीराचं वजन पुरेसं आहे: स्क्वॉट, लंज, प्लँक, पुलअप, दोरीउड्या. पुढे देखरेखीखाली डेडलिफ्ट आणि स्क्वॉट. भर पाय, नितंब आणि पोटावर. आरशासमोर दंड फुगवून वेग येत नाही. आहारात डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, भाकरी नियमित हवी आणि झोप आठ-नऊ तास. महागड्या पावडरींचा डबा या वयात लागत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या स्पाइक्सवर करा. टाच नीट धरून न ठेवणारा बूट वेगवान गोलंदाजाने घालूच नये.

कुठे खेळायचं

महाराष्ट्रात एक नाही, तीन संघटना आहेत. मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे मुंबई आणि लगतचा ठाणे-पालघरचा भाग, विदर्भ क्रिकेट असोसिएशनकडे नागपूरसह विदर्भातले जिल्हे, आणि उरलेला मोठा प्रदेश पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे. गोव्याची संघटना वेगळी. तुम्ही कुणाच्या हद्दीत येता ते आधी नक्की करा, कारण नोंदणी, चाचणी आणि वयोगटाची स्पर्धा सगळं तिथूनच चालतं.

मुंबईत शाळेपासूनच मोजमाप होतं: चौदा वर्षांखाली जाइल्स शील्ड, सोळाखाली हॅरिस शील्ड. नंतर क्लब क्रिकेट. पावसाळ्यात ओल्या, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग म्हणजे शिवण वापरणाऱ्या गोलंदाजाची शाळा आहे. मात्र तिथे मिळालेल्या बळींनी भुलू नका. मेमध्ये पाटा खेळपट्टीवर तोच चेंडू सरळ जातो. शार्दुल ठाकूर पालघरहून, तुषार देशपांडे कल्याणहून लोकल पकडून मैदानावर यायचे. जागा मिळवण्याआधी प्रवास करावा लागतो, हे मुंबईचं वास्तव आहे. त्यात रोज चार तास जात असतील तर सरावाचे दिवस कमी करा, झोप कमी करू नका.

पुण्याच्या हद्दीत वाट जिल्ह्यातून जाते. आधी जिल्हा संघटनेशी संलग्न क्लब, मग जिल्ह्याचा संघ, मग आंतरजिल्हा स्पर्धा. सोलापूर, नाशिक, कोल्हापूर किंवा नांदेडच्या मुलाने लगेच पुण्याला खोली घेऊन राहायची गरज नाही. जिल्ह्याच्या संघात पाच जणांत एक असणं पुण्याच्या मोठ्या अकादमीत पन्नासांत एक असण्यापेक्षा चांगलं. नागपुरात गुझदर लीग या क्लब स्पर्धेतले बळी बोलतात.

निवड चाचणीत बहुधा दोन-तीन ओव्हर्सच मिळतात. तासभर आधी पोहोचा. नाव कधी पुकारतील सांगता येत नाही, म्हणून अंग सतत गरम ठेवा. पहिला चेंडू चांगल्या टप्प्यावर, ऑफ स्टंपच्या बाहेर. नंतरचे पाचही तिथेच. बाउन्सर, नकल बॉल, स्लोअर दाखवायचा मोह आवरा. निवडणाऱ्याला 'याला एकाच जागी पुन्हा पुन्हा टाकता येतं का' हे बघायचं असतं. तुषार मुळात फलंदाज म्हणून चाचणीला गेला होता. फलंदाजांची रांग लांबलचक दिसली म्हणून गोलंदाजांच्या रांगेत उभा राहिला, असं त्याने स्वतःच सांगितलं आहे.

कागदपत्रांचा घोळ फार मुलांना नडतो. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार यांतलं नाव आणि तारीख तंतोतंत जुळली पाहिजे. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचं वयही तपासलं जातं. वय लपवायच्या वाटेला जाऊच नका. पकडलं गेलं तर बंदी येते, आणि नाही पकडलं तरी एका खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची जागा जाते.

पुढची शिडी अशी आहे: सोळाखाली विजय मर्चंट, एकोणीसखाली विनू मंकड आणि कूचबिहार, तेवीसखाली सी. के. नायडू, त्यानंतर रणजी, विजय हजारे आणि सय्यद मुश्ताक अली या स्पर्धा. एखादी पायरी हुकली म्हणून सगळं संपत नाही. तेव्हा विदर्भाकडून खेळणारा रजनीश गुरबाणी अभियांत्रिकी पूर्ण करून आला. २०१७-१८ मध्ये उपांत्य सामन्यात त्याने कर्नाटकाचे १२ बळी घेतले आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक. विदर्भाची ती पहिली रणजी ट्रॉफी. तो तुफान वेगाचा गोलंदाज नाही. टप्पा आणि स्विंग यांच्या जोरावर त्याने हे केलं.

रणजी: तिसऱ्या स्पेलचं क्रिकेट

चार दिवसांच्या सामन्यात नव्या चेंडूचा पहिला स्पेल कुणीही चांगला टाकतो. खरी परीक्षा दुपारी साडेतीनची, चाळीस ओव्हर्स जुना एसजी चेंडू आणि तुमचा तिसरा स्पेल. तिथे वेग फार न उतरता टप्पा धरता येतो का आणि चेंडू एका बाजूने कोरडा, दुसऱ्या बाजूने चमकता ठेवून रिव्हर्स, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने स्विंग करता येतो का, यावर संघातली जागा टिकते. धवल कुलकर्णीने २००८-०९ पासून मुंबईसाठी हेच काम केलं. मार्च २०२४ च्या अंतिम सामन्यात विदर्भाचा शेवटचा बळी घेऊन, मुंबईच्या ४२व्या विजेतेपदासह तो निवृत्त झाला. प्रथम श्रेणीत २८१ बळी.

टी-२० लीगमुळे आता वेगळा दरवाजा उघडलाय. महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ पासून सुरू आहे, टी-२० मुंबई लीगही आहे, आणि आयपीएलचे स्काउट तिथे बसलेले असतात. चांगली संधी आहे, जरूर खेळा. पण दोन महिने रोज चार ओव्हर्स टाकलेल्या शरीराला एकदम रणजीच्या वीस ओव्हर्सना जुंपू नका. इथेही तीच चेंडूंची वही.

सोबत फलंदाजीही शिका. फेब्रुवारी २०२४ च्या रणजी उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे यांनी दहाव्या-अकराव्या क्रमांकावर येऊन दोघांनीही शतकं ठोकली आणि शेवटच्या जोडीने २३२ धावा केल्या. दोन सारख्या गोलंदाजांत एकाला निवडायचं असलं की तीस धावा करणारा संघात जातो.

मुलींसाठी रस्ता वेगळा नाही, वयोगट आणि चेंडूचं वजन वेगळं. महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो. शिखा पांडे गोव्यात अभियांत्रिकी शिकली, हवाई दलात अधिकारी झाली आणि २०१४ पासून भारतासाठी नवा चेंडू टाकू लागली. वेगवान गोलंदाज मुली अजूनही कमी आहेत. चांगल्या ॲक्शनच्या मुलीला जिल्हा पातळीवर लवकर संधी मिळते, त्यामुळे तिच्यावर जादा ओव्हर्स लादल्या जाण्याचा धोकाही जास्त.

पैसा, नोकरी आणि पुढचं

२०२१ मध्ये बीसीसीआयने ठरवलेल्या दरांनुसार पुरुषांच्या रणजीत अंतिम अकरात खेळणाऱ्याला सुरुवातीच्या वीस सामन्यांपर्यंत दिवसाला ४०,००० रुपये, एकवीस ते चाळीसपर्यंत ५०,००० आणि त्यापुढे ६०,००० मिळतात. राखीव खेळाडूला निम्मे. तेवीसखालच्यांना दिवसाला २५,०००, एकोणीसखालच्यांना २०,०००, सोळाखालच्यांना ७,०००. सात साखळी सामने म्हणजे २८ दिवस. नवा गोलंदाज सगळे खेळला तर रणजीतून ११ लाख २० हजार मिळतात. ऐकायला छान वाटतं, पण 'सगळे खेळला तर'. मांडीचा स्नायू ताणला की निम्मा हंगाम गेला आणि निम्मे पैसेही.

म्हणून पहिल्या कमाईतून आरोग्यविमा काढा आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. मोटार नंतर. खेळाडू कोट्यातल्या नोकरीकडे कमीपणाने बघू नका. भारताकडून खेळत असतानाच, २०१७ मध्ये, उमेश यादव नागपूरला रिझर्व्ह बँकेत रुजू झाला. पदवी पूर्ण करा, बाहेरून का होईना. तिच्याविना अशा अनेक जागांचे अर्जच भरता येत नाहीत.

तिशीजवळ वेग उतरतो. तेव्हा काय करायचं ते झहीरने दाखवलं. २००६ मध्ये भारतीय संघातून बाहेर असताना तो वूस्टरशायरकडून कौंटी, म्हणजे इंग्लंडमधलं देशांतर्गत क्रिकेट खेळला, रनअप आखूड केला, हंगामात ७८ बळी घेतले, आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये तीन कसोटींत १८ बळी घेऊन मालिका जिंकून दिली. संघाबाहेरच्या वर्षात कुठे तरी भरपूर षटकं टाकायला मिळतील अशी जागा शोधा. परदेशी क्लबचा उन्हाळी हंगामही चालेल.

प्रशिक्षक होण्यासाठीच्या अभ्यासक्रमाची पहिली पातळी खेळत असतानाच पूर्ण करून ठेवा. पारस म्हांब्रे फक्त दोन कसोटी खेळले, पण २०२४ चा टी-२० विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक तेच होते. जिल्ह्याजिल्ह्यांत मुलांच्या चेंडूंची बेरीज ठेवणारे, मिक्स्ड ॲक्शन ओळखणारे प्रशिक्षक आज फार थोडे आहेत, आणि ते काम वेगवान गोलंदाजी केलेल्या माणसाइतकं दुसऱ्या कुणाला जमत नाही.